तान्ह्या बाळासाठी हलक्या हाताचे उपचार: बडोद्यातल्या नव्या आईबाबांसाठी

बाळ सहा आठवड्यांचं झालं की फोन येतो, आणि बहुतेक वेळा तो आजीचा असतो. "अहो ताई, आमचं बाळ सारखं उजवीकडेच बघतं. डोकंही त्या बाजूने चपटं व्हायला लागलंय. समोरच्या घरातली सून म्हणाली, ऑस्टिओपॅथी करून घ्या. म्हणजे हाडवैद्यच का हो?"

हाडवैद्य नाही आणि मालिशवाली बाईही नाही. मी दांडिया बाजारात लहान मुलांची फिजिओथेरपी करते. हलक्या हाताच्या या पद्धती पुढे वेगळ्या शिकले. त्यातलं काही रोज वापरते, काही सोडून दिलं. फोनवर पाच मिनिटांत सगळं सांगता येत नाही, म्हणून लिहूनच काढलं.

आधी, हे आहे काय

१८७४ साली अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरांनी ऑस्टिओपॅथी, म्हणजे हाडं, सांधे आणि स्नायूंवर हाताने उपचार करण्याची पद्धत, मांडली, आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावात तिची पहिली शाळा काढली. विल्यम सदरलँड हे त्याच शाळेचे विद्यार्थी. कवटीची हाडं एकमेकांवर सूक्ष्म लयीत हलतात आणि ती लय बोटांना कळते, हा विचार त्यांचा. बाळांच्या डोक्यावर नुसता हात ठेवून बसलेले थेरपिस्ट तुम्ही व्हिडिओत बघितले असतील, ते या शाखेतले.

प्रत्यक्षात होतं ते असं. बाळ आईच्या मांडीवर किंवा गादीवर असतं. थेरपिस्टची बोटं मानेखाली, पाठीवर, पोटावर किंवा जबड्याजवळ टेकलेली असतात. दाब किती? चिकू पिकलाय का हे बघायला आपण बोटाने जेवढा दाबतो, त्याहूनही कमी. 'कट' असा आवाज नाही, झटका नाही, ओढाताण नाही. बघणाऱ्याला वाटावं की काहीच चाललेलं नाही. एका आजोबांनी मला तोंडावर विचारलं होतं, "याचे पैसे घेता?"

प्रश्न चुकीचा नव्हता. कवटीच्या लयीचा भाग मी सोडला तो याच कारणाने. एकाच बाळाच्या डोक्यावर दोन शिकलेल्या लोकांनी हात ठेवला तर दोघांना वेगवेगळं जाणवतं, आणि जे दोघांना सारखं सापडत नाही त्यावर उपचार ठरवणं मला पटत नाही. पण मानेचा आखडलेला स्नायू सैल करणं, बाळाला दुसऱ्या कुशीची सवय लावणं, कडक झालेल्या पाठीवर हात ठेवून ते शांत होईपर्यंत थांबणं, हे मी रोज करते. यात चमत्कार नाही. मात्र ते नीट शिकावं लागतं.

मालिशवाल्या बाईंशी गल्लत नको

आपल्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊमाखू घालायला येणाऱ्या बाईंचा हात गरम असतो, आवाज मोठा असतो आणि बाळांना त्या आवडतात. माझ्या दोन्ही मुलांना अशाच एका मावशींनी मालिश केली. तेल लावून अंग चोळणं चांगलंच आहे. पण पुढच्या गोष्टी त्यांना प्रेमाने आणि ठामपणे बंद करायला सांगा: पाय धरून बाळाला उलटं टांगणं, डोकं गोल व्हावं म्हणून दाबणं, नाक वर यावं म्हणून चिमटीत ओढणं, कानानाकात तेल सोडणं. आंघोळीनंतरची धुरीही नको, तान्ह्याच्या छातीला तो धूर सोसत नाही. सासूबाई ऐकत नसतील तर माझ्या नावावर खपवा. "फिजिओ ओरडतात" हे कारण बडोद्यात चालतं.

बाळाला बाळोत्यात गच्च गुंडाळताना पाय सरळ ओढून बांधू नका. पाय बेडकासारखे बाहेर वळायला जागा हवी, नाहीतर खुब्याच्या सांध्यांवर ताण येतो.

पहिली पायरी: बालरोगतज्ज्ञ

इथे घाई करू नका. हलक्या हाताचा उपचार धोक्याचा ठरतो तो बहुधा हातामुळे नाही. त्यात गेलेल्या वेळामुळे ठरतो.

माझीच चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एक बाळ आलं. डोकं पुढून मागे लांबट, बाजूंनी अरुंद. जन्माच्या वेळी कवटीची हाडं एकमेकांवर सरकतात आणि काही दिवसांत जागेवर येतात, हे मला पाठ होतं. म्हणून हेही तसलंच असेल असं धरून मी चालले. दोन वेळा हात ठेवले. तिसऱ्या वेळी डोक्याच्या मधल्या रेषेवर बोटाला उंचवटा लागला. कवटीचा सांधा वेळेआधी जुळून गेला होता. त्याला न्यूरोसर्जन लागतो, माझ्या बोटांचं तिथे काही काम नव्हतं. तीन आठवडे गेले. सुदैवाने उशीर झाला नाही, पण तेव्हापासून डॉक्टरांनी तपासल्याचा कागद पाहिल्याशिवाय मी बाळाला हात लावत नाही.

तुमचे नेहमीचे डॉक्टर असतील तर उत्तम. नसतील तर सयाजी रुग्णालयात, म्हणजे आपल्या एसएसजीत, मुलांची ओपीडी आहे; तिथेच फिजिओथेरपीही होते. ममता कार्ड आणि प्रसूतीचे कागद बरोबर न्या.

पुढचं काही दिसलं तर थेरपिस्टला फोनही करू नका, थेट दवाखाना गाठा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप. हिरवी उलटी. शीमध्ये रक्त. टाळू फुगून वर आलेली. झटके. अंग लुळं पडणं, किंवा दूध ओढायचंच बंद होणं. एक हात अजिबात न हलवणं. आणि तीन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान प्रत्येक दुधानंतर लांबवर उडणारी उलटी. हिला लोक "ओकतंय थोडं" म्हणून सोडतात, प्रत्यक्षात जठराचं पुढचं तोंड आवळलेलं असू शकतं.

जन्मतः आत वळलेलं पाऊलही हलक्या हाताने सरळ होत नाही. त्याला पोन्सेटी पद्धतीचं प्लास्टर लागतं, दर आठवड्याला बदलायचं, आणि ते लवकर सुरू केलेलं बरं.

दुसरी पायरी: तक्रार एका ओळीत लिहा

"बाळ चिडचिड करतं" ही तक्रार नाही. "डावीकडे मान वळवत नाही, गेल्या तीन आठवड्यांपासून" ही तक्रार. "संध्याकाळी ६ ते ९ सलग रडतं" हीसुद्धा. फोनमध्ये नाही, कागदावर लिहा, कारण फोनमधलं कुणी परत वाचत नाही. हीच ओळ पुढे शेवटच्या भेटीपर्यंत उपयोगी पडेल.

आता कुठल्या तक्रारीला हाताचा कितपत उपयोग?

मान एकाच बाजूला राहणं: इथे हात खरंच कामाचा. मानेच्या बाजूचा लांब स्नायू आखडलेला असतो; कधी त्यात बोराएवढी गाठ लागते, ती दोन ते चार आठवड्यांच्या वयात जाणवते. सोनोग्राफीत ती स्पष्ट दिसते. पहिल्या काही महिन्यांत ताणण्याचे व्यायाम सुरू झाले तर निकाल चांगला लागतो. हे काम लहान मुलांच्या फिजिओथेरपिस्टचं आहे. हलक्या हाताने स्नायू सैल करणं ही त्याची तयारी, त्याची जागा घेणारी गोष्ट नाही. अशा बाळाचे खुबेही डॉक्टरांकडून तपासून घ्या, दोन्ही तक्रारी कधीकधी जोडीने येतात.

चपटं डोकं: इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बडोद्यात याची कारणं घरातच असतात. बाळाला पाठीवरच झोपवायचं, हे बरोबर आहे, त्यात बदल नको. झोपेत अचानक दगावणारी बाळं कमी व्हावीत म्हणून १९९० च्या दशकात जगभर हा सल्ला दिला गेला, आणि तो लागू पडला. पण मग जागेपणीही बाळ पाठीवरच राहतं. त्यात गुजराती शेजाऱ्यांकडून आपण घोडियूं उचललं. कापडाच्या झोळीत बाळ मस्त झोपतं, आईला दोन तास मिळतात. मात्र डोकं एकाच जागी दाबलं जातं आणि हनुवटी छातीला टेकून श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून घोडियूं थोडा वेळ, आणि कुणीतरी समोर बसलेलं असताना. रात्रीची झोप सपाट, घट्ट गादीवर.

आणि मोहरीची उशी. आजीने प्रेमाने शिवलेली असते, त्यामुळे तिच्याविरुद्ध बोलणं अवघड. पण वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलीच उशी नको, मोहरीची नाही, कापसाची नाही, आणि 'डोकं गोल करणारी' म्हणून ऑनलाइन मिळणारी मधे भोक असलेली तर मुळीच नाही. डोकं गोल होतं ते दाब एका जागेवरून उठवल्याने. बाळ जागं असताना दिवसातून बऱ्याचदा, दोन-तीन मिनिटं, पोटावर ठेवा. दुधानंतर अर्धा तास जाऊ द्या. पाळण्यात डोक्याची बाजू रोज बदला, म्हणजे खिडकी कधी डावीकडे येईल, कधी उजवीकडे. ज्या बाजूला बघत नाही त्या बाजूला तुमचा चेहरा असू द्या. कुठल्याही खुळखुळ्यापेक्षा बाळाला तो आवडतो.

पोटात कळ येऊन रडणं: सगळ्यात जास्त दावे इथे होतात, आणि मी सगळ्यात सावध इथेच असते. असं रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. म्हणजे सहाव्या आठवड्यात सुरू केलेलं काहीही 'लागू पडतं': ग्राइप वॉटर, बाळघुटी, दृष्ट काढणं आणि माझा हातसुद्धा. वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये अशा हाताच्या उपचारांच्या सहा छोट्या चाचण्या एकत्र तपासल्या, मिळून ३२५ बाळं. आईवडील रडणं कमी झाल्याचं सांगत होते. पण उपचार मिळाला की नाही हे आईवडिलांनाच माहीत नव्हतं, अशा चाचण्यांपुरतं बघितलं तर फरक ठामपणे उरला नाही. तरीही एखाद्या थकलेल्या आईला मी नाही म्हणत नाही. अर्धा तास कुणीतरी बाळाला शांतपणे धरतं, तिला रडून घ्यायला वेळ मिळतो, दूध पाजताना पकड नीट आहे का हे बघितलं जातं. एवढं मिळतं हे मी आधीच सांगते, त्याहून जास्त कबूल करत नाही.

दूध नीट न ओढणं: आधी स्तनपानाच्या सल्लागार किंवा डॉक्टर. जिभेखालचा पडदा आखूड आहे का, पकड बरोबर आहे का, वजन वाढतंय का, हे ठरल्यावर मगच जबड्याच्या स्नायूंवरचा हात.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा फिट्स 'मुळापासून बऱ्या करतो' असं कुणी म्हणालं तर चप्पल घालून बाहेर या.

तिसरी पायरी: हात कुणाचा

अमेरिकेत ऑस्टिओपॅथीची पदवी घेतलेले लोक पूर्ण डॉक्टर असतात, शस्त्रक्रियासुद्धा करतात. ब्रिटनमध्ये त्यांच्यासाठी १९९३ चा स्वतंत्र कायदा आहे आणि नोंदणी केल्याशिवाय ती पाटी लावता येत नाही. भारतात ऑस्टिओपॅथीसाठी असं वेगळं नोंदणी मंडळ नाही. ओडिशात कटकजवळच्या श्री श्री विद्यापीठात पदवीचा अभ्यासक्रम आहे, काहीजण परदेशातून शिकून येतात, काही फिजिओथेरपिस्ट वर्षानुवर्षं जोडकोर्स करतात, आणि काहीजण शनिवार-रविवारच्या शिबिरातून प्रमाणपत्र घेऊन येतात. चौघांची पाटी सारखीच दिसते.

म्हणून जाण्याआधी फोनवर विचारा. मूळ पदवी कोणती? बीपीटी, एमपीटी (या फिजिओथेरपीच्या), एमबीबीएस की दुसरं काही? तान्ह्या बाळांचं प्रशिक्षण कुठे आणि किती काळ? एका महिन्यात वर्षाच्या आतली किती बाळं बघता? मानेला झटका देता का? (योग्य उत्तर एकच आहे: नाही.) किती भेटींत फरक दिसायला हवा, आणि दिसला नाही तर काय करता? या शेवटच्या प्रश्नावर जो अडखळत नाही तो बहुधा चांगला. "दहा भेटींचं पॅकेज आधी भरा" म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. फी आणि भेटीचा वेळही फोनवरच विचारून घ्या, त्यात लाज कसली.

झटक्याबद्दल एवढा आग्रह का? ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये कायरोप्रॅक्टिकच्या, म्हणजे मुख्यतः कण्यावर हाताने उपचार करणाऱ्या पद्धतीच्या, नियामक मंडळाने दोन वर्षांखालच्या मुलांच्या कण्यावर झटक्याचे उपचार थांबवायला सांगितले, ते एका तान्ह्या बाळावरच्या उपचाराच्या व्हिडिओवरून गदारोळ उठल्यावर. ऑस्टिओपॅथी आणि कायरोप्रॅक्टिक वेगळ्या आहेत, पण पाट्यांवर दोन्हींची सरमिसळ होते.

भेटीच्या दिवशी

लसीच्या दिवशी किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशी वेळ घेऊ नका. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसी आधीच कॅलेंडरवर मांडून घ्या, नाहीतर ताप लसीचा की कशाचा हा घोळ होतो. उन्हाळ्यात सकाळची वेळ घ्या. दांडिया बाजार, रावपुऱ्यात गाडी लावायला जागा मिळत नाही, रिक्षाने या. आणि उत्तरायणाच्या दिवसांत बाळाला दुचाकीवर आणूच नका, मांजा कुठून येईल सांगता येत नाही.

बाळ पोट भरून, पण नुकतंच प्यायलेलं नको. सोबत एक दुपटं, बदलायचं लंगोट, तुमची ती एक ओळ, आणि शक्य असेल तर दोन्ही पालक. आजी आल्या तर फारच छान, घरात खरं काय चालतं ते आजीच सांगतात.

पहिल्या भेटीत निम्मा वेळ बोलण्यात गेला तर बरं समजा. प्रसूती किती वेळ चालली, चिमटा किंवा व्हॅक्युम लावला का, सिझर का झालं, बाळ पोटात पायाळू होतं का, जन्माचं वजन किती, हे विचारलं गेलंच पाहिजे. मग बाळाला उघडं करून नुसतं बघणं: दोन्ही हात सारखे हलतात का, मान कुठपर्यंत वळते. हात ठेवण्याचा भाग पंधरा-वीस मिनिटांचा. मधेच बाळाने दूध मागितलं तर पाजा, काम थांबत नाही. बाळ जोराने रडायला लागलं आणि थेरपिस्ट तरी थांबला नाही, तर तुम्ही थांबवा. "रडू दे, ताण बाहेर पडतोय" हे मला मान्य नाही. मांडीवरून बाळ उचलून घेण्याचा हक्क पूर्णपणे तुमचा.

निघताना काय केलं आणि घरी काय करायचं हे लिहून मागा. घरचे व्यायाम तुमच्या हाताने एकदा करून दाखवल्याशिवाय उठू नका. मी आईबाबांना कापडी बाहुलीवर करायला लावते. त्या दिवशी बाळ जास्त झोपेल किंवा थोडं किरकिरेल, इतपत चालतं. ताप, उलट्या, सुस्ती आली तर उपचाराच्या नावावर घालू नका, डॉक्टरांकडे न्या.

कधी थांबायचं

तीन भेटींनंतर ती ओळ काढा आणि परत वाचा. मान डावीकडे आधीपेक्षा जास्त वळते का? फोटोत दिसते का? (दर आठवड्याला डोक्याचा वरून एक फोटो काढा, त्याच जागी, त्याच उजेडात.) फरक असेल तर पुढे चला. नसेल तर थांबा आणि बालरोगतज्ज्ञांकडे परत जा. चपट्या डोक्याला हेल्मेट लागेल का हेही तेच सांगतील. ते ठरवायचं वय साधारण चार ते सहा महिने, त्यानंतर डोक्याच्या वाढीचा वेग कमी होत जातो.

मोठ्या मुलांबद्दल थोडक्यात. दप्तराने खांदे दुखणं, क्रिकेटनंतर पाठ धरणं, यात हलका हात आणि व्यायाम दोन्ही चालतात. रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, एका खांद्याची उंची बदलणं, लंगडणं, यात आधी हाडांचे डॉक्टर. दमा आणि अंथरूण ओलं करणं यासाठी माझ्याकडे येऊ नका.

सुरुवातीच्या त्या आजींचा परवा पुन्हा फोन आला. बाळ आता साडेचार महिन्यांचं, दोन्हीकडे बघतं, पोटावर पडून मान वर काढतं. काम मुख्यतः आईने केलं, माझ्या तर चारच भेटी झाल्या. मी विचारलं, "आणि मोहरीची उशी?"

"कपाटात आहे," आजी म्हणाल्या. "दुसऱ्यासाठी ठेवलीय."

उसवून मोहरी कुंडीत पेरा म्हटलं, भाजी तरी होईल. त्या हसल्या. उशी अजून कपाटातच असणार.